फक्त सोमवारी बूट न होणारा कॉम्प्युटर

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत एक छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं अशी कामं तिथे होतात. मालकांना मी काका म्हणते. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला.

"अगं, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. हा तिसरा सोमवार. आमचा माणूस म्हणतो हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल. इथे तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची रांग लागलीये. तू एकदा बघून जा."

मी गेले तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती : 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', म्हणजे जिच्यावरून विंडोज सुरू व्हावं (बूट व्हावं) अशी डिस्क सापडत नाही. आधीच्या दोन सोमवारी त्यांच्या माणसाने येऊन काहीतरी केलं, मशीन सुरू झालं आणि शनिवारपर्यंत बिनतक्रार चाललं. सोमवार उजाडला की पुन्हा तेच.

फॉरमॅटला माझा विरोध होता, आणि त्यामागे कारण होतं. त्या मशीनवर जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. मागे डाँगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची छोटी किल्ली, लावल्याशिवाय ते उघडत नाही आणि त्याची सीडी कधीच हरवली आहे. वीस वर्षांतल्या पत्रिकांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. ज्यांनी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम केलंय त्यांना हे दुःख सांगायला नको. मशीन बूट होत नाही म्हणजे डेटा गेला असं नसतं. दहातल्या बहुतेक वेळा डेटा जिथल्या तिथे असतो, फक्त मशीनला त्याच्यापर्यंत जायची वाट सापडत नसते. फॉरमॅट केल्यावर मात्र तो खरंच जातो.

म्हणून मी आधी मशीनला हात लावत नाही, माणसांना विचारते. "शेवटचं काय बदललं?" असं विचारलं तर उत्तर हमखास "काहीच नाही" असं येतं. त्याऐवजी "दिवाळीत कोण येऊन गेलं? नवीन काय बसवलं? अपडेट आलं होतं का? रॅम, डिस्क, प्रिंटर काही लावलं का?" असं विचारलं की आठवायला लागतं.

काकांना आठवलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या माणसाने त्याच मशीनवर विंडोज ११ घातलं होतं. मशीन २०१९ चं, त्यामुळे चालण्यासारखं होतं. पण विंडोज ११ ला यूईएफआय मोड (मशीन सुरू करायची नवी पद्धत), सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय) लागतं. पूर्वीचं विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे लीगसी मोडमध्ये टाकलेलं होतं. त्याने डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीची केली आणि बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंग्ज बदलल्या. डेटा न उडवता हे करण्याचं साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विंडोजमध्येच दिलेलं आहे. काम त्याने नीट केलं होतं, हे मुद्दाम सांगते.

मग सोमवारीच का?

या प्रश्नावर मी अर्धा तास घालवला, आणि तो वाया गेला नाही. डिस्क खराब असेल तर ती वार बघून बंद पडत नाही. काकांना विचारलं, "शनिवारी जाताना काय करता?" ते म्हणाले, "मेन स्विच पाडतो. जुनी बिल्डिंग, जुनं वायरिंग." "आणि रोज रात्री?" "रोज नाही. आपला कामाला असलेला मुलगा पोटमाळ्यावर झोपतो ना, त्याला पंखा लागतो. शनिवारी तो शहापूरला घरी जातो."

इथे गाठ सुटायला लागली. कॉम्प्युटर शटडाउन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डला, ५ व्होल्टचा बारीक पुरवठा करत राहतो. त्या जोरावर बोर्ड घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसच्या सेटिंग्ज लक्षात ठेवतो. मेन स्विच पडला की ही जबाबदारी बोर्डवरच्या रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर येते. तिचा नंबर सीआर२०३२, ताकद ३ व्होल्ट. तीच मेलेली असेल तर बोर्ड सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर जातो. या बोर्डची मूळ सेटिंग होती लीगसी. डिस्क आता जीपीटी, विंडोज यूईएफआयचं. बोर्ड जुन्या पद्धतीने दार ठोठावतोय आणि आत कोणी ओ देत नाही, असा प्रकार.

कंपोझिंग करणाऱ्या ताई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "चालू करताना आधी कधी काही इंग्रजी ओळी यायच्या?"

"यायच्या की. सोमवारी यायच्या. एफ२ दाबलं की पुढे जायचं. वर्ष झालं असेल."

"एफ१ नाही, एफ२?"

"एफ१ दाबलं की ते निळं-करडं काहीतरी उघडतं, त्यात मला काही कळत नाही. म्हणून एफ२."

त्या ओळींमध्ये साधारण असं लिहिलेलं असतं : सीमॉसमधली (बायोसच्या सेटिंग्ज जिथे राहतात त्या मेमरीतली) नोंद बिघडली आहे, एफ१ दाबा म्हणजे सेटअप उघडेल, एफ२ दाबा म्हणजे मूळ सेटिंग लावून पुढे जाईल. म्हणजे बॅटरी वर्षभरापूर्वीच मेली होती. पण तेव्हा मूळ सेटिंग लीगसी आणि विंडोजही लीगसी, त्यामुळे एफ२ दाबलं की सगळं सुरळीत. घड्याळ मागे जायचं, पण इंटरनेट लागलं की विंडोज ते आपोआप दुरुस्त करायचं. कोणाला काही जाणवलं नाही. दिवाळीत सेटिंग बदलल्यावर तो जुना दोष उघडा पडला. विंडोज ११ मुळे मशीन बिघडलं असं काकांना वाटत होतं. बिघाड आधीपासूनच होता, नव्या सेटिंगने तो झाकणं बंद केलं इतकंच.

माझा तर्क बरोबर आहे हे पटल्याशिवाय मी कुठलाही भाग बदलत नाही. बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुनी लीगसी पद्धत चालवणारी सोय) बंद केलं, बूट मोड यूईएफआय केला, पहिल्या क्रमांकावर 'विंडोज बूट मॅनेजर' ठेवलं, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू केलं. इंटेलच्या बोर्डवर टीपीएमचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. विंडोज उघडलं. मग शटडाउन करून प्लग काढला आणि सगळे मिळून चहा प्यायलो. वीस मिनिटांनी प्लग लावला. तीच पांढरी ओळ. सोमवारचा बिघाड सोमवारीच, पण आपल्या मर्जीने, दुसऱ्यांदा घडवून आणता आला. बिघाड हवा तेव्हा घडवता आला की दुरुस्ती झाली की नाही हेही त्याच मार्गाने तपासता येतं.

बॅटरी काढून मल्टिमीटर लावला, काटा दीड व्होल्टच्या खाली. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते.

बॅटरी बदलणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे, फक्त घाई नको. शटडाउन करून प्लग भिंतीतून काढायचा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. बॅटरीच्या कडेला छोटी क्लिप असते, ती नखाने बाजूला ढकलली की बॅटरी स्वतःच वर उडी मारते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खालचा होल्डर तुटला तर पन्नास रुपयांचं काम बोर्डच्या दुरुस्तीवर जातं. नवी बसवताना अधिकची खूण वर. बॅटरी घड्याळवाल्याकडे, स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, अगदी मेडिकलमध्येही मिळते, कारण काही ग्लुकोमीटरमध्ये आणि वजनकाट्यात तीच असते. पाकिटावरची तारीख बघून घ्या. लॅपटॉपमध्ये मात्र ती कधी वायरने जोडलेली असते, कधी वेगळी नसतेच, तिथे उगाच उघडाउघड करू नये.

बॅटरी बसवल्यावर सगळ्या सेटिंग्ज पुन्हा एकदा कराव्या लागतात, कारण बॅटरी काढताना त्या गेलेल्याच असतात. तारीख-वेळ आधी लावा. तारीख चुकली तर विंडोज उघडेल, पण जीमेल आणि बँकेच्या साइट सुरक्षिततेची तक्रार करत अडतील, आणि माणूस नेटवाल्याला फोन लावत बसेल. सेटिंग लावून झाल्यावर बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मी काकांच्या, ताईंच्या आणि माझ्या अशा तिन्ही फोनवर ठेवलेत. पुन्हा प्लग काढून वीस मिनिटांची चाचणी घेतली, मशीन एका झटक्यात विंडोजमध्ये गेलं. पुढच्या सोमवारी मीच अकराला फोन केला तेव्हा ताईंच्या मागे प्रिंटरचा आवाज येत होता.

बॅटरी बदलूनही सेटिंग्ज जात असतील तर तीन जागा बघा. होल्डरची पत्ती सैल झाली असेल. तिच्यावर हिरवट थर चढला असेल. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत, त्यातून खाडीच्या बाजूला कळवा-कोपरीकडे, हे मी फार बघते. किंवा बोर्डवरचा 'क्लिअर सीमॉस' जंपर (सेटिंग्ज पुसायची छोटी टोपी) कोणीतरी सरकवून तसाच सोडला असेल.

तुमची तक्रार हुबेहूब अशी नसेल, तर मशीन कुठल्या टप्प्यावर थांबतं ते आधी पाहा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, लोगोही नाही, तर विंडोजचा काही संबंध नाही. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसून पुन्हा घट्ट बसवा, नवी रॅम टाकली असेल तर ती काढून जुन्यावर चालवून बघा. लोगो येऊन मग 'बूट डिव्हाइस नाही' अशा अर्थाची ओळ आली तर बायोस आणि डिस्क यांच्यातला मामला. आधी पेनड्राइव्ह काढा, निम्म्या वेळा तोच लावलेला राहतो. विंडोजची गोल फिरणारी टिंबं दिसून मग निळा पडदा आला तर विंडोज सापडलंय, पुढे ड्रायव्हर किंवा अपडेट अडतंय.

मशीन चालू असताना आत्ताच एक गोष्ट बघून ठेवा. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा, उजवीकडे 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिथे यूईएफआय आहे की लीगसी, ते लिहून ठेवा. मशीन बंद पडल्यावर हेच शोधायचं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडावा लागतो. त्यात इंग्रजी अक्षरांत 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क' टाइप केलं की जीपीटी डिस्कसमोर शेवटच्या रकान्यात एक चांदणी दिसते. चांदणी असेल तर बूट मोड यूईएफआयच हवा.

नव्या एसएसडीच्या बाबतीत एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती वेगळी सांगते. जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवूनच नव्या एसएसडीवर विंडोज टाकतात. तेव्हा विंडोज एसएसडीवर जातं, पण बूट करणारा छोटा भाग पुष्कळदा जुन्या डिस्कवरच राहतो. महिने जातात, सगळं चांगलं चालतं. मग कोणीतरी म्हणतं, "जुनी डिस्क आता कशाला?" ती काढतात आणि मशीन बूट व्हायचं थांबतं. महाप्यातल्या एका वर्कशॉपमध्ये असंच झालं होतं, आणि काढलेली डिस्क भंगाराच्या खोक्यात गेली होती. नशिबाने खोकं अजून उचललं नव्हतं. ती डिस्क परत लावली, विंडोज उघडलं, मग एसएसडीवर बूटची फाइल नव्याने तयार केली ('बीसीडीबूट' नावाची कमांड हे करते), आणि नंतरच जुनी डिस्क काढली. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' असं लिहिलेला भाग कुठल्या डिस्कवर आहे ते बघूनच जुनी डिस्क काढा. नवीन विंडोज टाकताना तर जुनीची केबल काढूनच ठेवावी.

पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करताना दोन गोष्टींनी माणसं घाबरतात. तिथे सी ड्राइव्ह कधी डी किंवा ई होऊन बसतो. त्यामुळे आधी फोल्डर उघडून विंडोज नेमकं कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. दुसरं, 'फिक्सबूट'ची कमांड दिली की 'ॲक्सेस इज डिनाइड' असं उत्तर येतं. यूईएफआय मशीनवर हे नेहमीचं आहे, त्यावरून डिस्क खराब आहे असं समजू नका.

ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने व्हिडिओ बघून लिनक्स टाकण्यासाठी बायोसमध्ये डिस्कचा मोड (बोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत) 'रेड'वरून 'एएचसीआय' केला. लिनक्स आलं, विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणू लागलं. तो रात्रभर विंडोज दुरुस्त करत बसला होता. मी त्याला फोनवर म्हटलं, "आधी ती सेटिंग होती तशी कर." केली, विंडोज उघडलं. नवा मोड हवाच असेल तर क्रम उलटा आहे : विंडोज चालू असताना पुढचा बूट सेफ मोडमध्ये होईल असं लावायचं, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्यायचं म्हणजे ते योग्य ड्रायव्हर उचलतं, आणि मग सेफ मोडची खूण काढून टाकायची.

अपडेटनंतर अडकलेल्या मशीनला फारसं काही करावं लागत नाही. विंडोज सुरू होता होता पॉवर बटण दाबून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. महिन्याचं साधं अपडेट असेल तर 'क्वालिटी', मोठी नवी आवृत्ती असेल तर 'फीचर'. मोठ्या आवृत्तीतून मागे यायला नेहमीच्या सेटिंगवर १० दिवसच मिळतात, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, चावी हातात हवी. सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग हलली की बिटलॉकरला वाटतं डिस्क कोणीतरी चोरून दुसरीकडे लावली आहे, आणि तो ४८ आकडी चावी मागतो. "मी बिटलॉकर लावलंच नाही" असं लोक खात्रीने सांगतात आणि ते खरं बोलत असतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक मशीनवर आपोआप कुलूपबंद होते. चावी त्या खात्यात जमा असते, आणि चावी नसेल तर डेटा कोणीही परत आणू शकत नाही, मीही नाही. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधून आधी 'सस्पेंड प्रोटेक्शन' करायचं, बायोसचं काम उरकायचं, मग 'रिझ्यूम'. दर वेळी चालू करताना चावी मागत असेल तरी हाच उपाय एकदा करून बघा, आणि तेही थांबलं नाही तर पुन्हा त्या नाण्याएवढ्या बॅटरीकडे वळा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपवर बायोस अपडेटनंतर हा चावी मागणारा पडदा आला होता. प्रोजेक्ट दोन दिवसांवर होता. तिच्या खात्यात चावी नव्हती, आईच्या नव्हती. रडवेली झाली होती. मी विचारलं, "लॅपटॉप पहिल्यांदा कोणी चालू केला होता?" दादाने, दुकानातून आणल्या आणल्या, स्वतःच्या खात्याने. दादा पुण्याला नोकरीला. त्याने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन यादी उघडली, तिथे दोन चाव्या होत्या. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणाऱ्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर कुठली ते त्याने शोधलं आणि फोनवर वाचायला लागला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो एकेक गट दोनदा वाचत होता, ती टाइप करत होती, मी आकड्यांवर बोट ठेवून बघत होते. विंडोज उघडल्यावर तिने प्रोजेक्टची फाइल उघडायच्याही आधी जर्नलच्या मागच्या पानावर ते अठ्ठेचाळीस आकडे पेनाने उतरवून घेतले.